तीन पायांचा मोर

भवानी पेठ, सोलापूर
५ ऑगस्ट २०२४

श्रीमती डी. हॅनन यांना,

नमस्कार. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायची पद्धत आहे, पण हे कामाचं पत्र आहे, म्हणून नुसता नमस्कार.

तुमच्या 'चादरीपलीकडचं गाव' या कादंबरीचा मराठी अनुवाद करायचं मी कबूल केलं आहे. पुण्याच्या प्रकाशनातल्या संपादक ऋतुजा म्हणाल्या, "शंका असतील तर थेट लेखिकेला लिहा, त्या पत्राला उत्तर देतात." हे ऐकून मला नवल वाटलं. अनुवादासाठी माझं नाव तुम्हीच सुचवलंत, असंही त्या म्हणाल्या. का सुचवलंत ते मी विचारणार नाही.

शंका अशा. मोराचं नाव तुम्ही फर्गस ठेवलं आहे. आयर्लंडच्या मुलांना ते घरचं वाटत असेल, पण इथे बाजारात फर्गस म्हणून हाक मारली तर माणूस सोडा, मोरही वळून बघणार नाही. बदलू का?

पहिल्या प्रकरणात मुलगी चादरीखाली शिरते आणि उलट्या बाजूने बाहेर पडते, तर जगाचे सगळे रंग पालटलेले. इकडचं लाल तिकडे पिवळं, इकडचं पिवळं तिकडे लाल. चादर दोन्ही बाजूंनी पांघरता येते आणि एका बाजूची नक्षी दुसऱ्या बाजूला उलट्या रंगात उमटते, हे समजावून सांगायला तुम्ही दीड पान खर्ची घातलं आहे. सोलापूरच्या पोराला हे सांगणं म्हणजे त्याला भाकरी कशी मोडायची ते शिकवणं आहे. ते दीड पान गाळलं तर चालेल का?

धाकट्या बहिणीच्या वेण्या, तिचे डोळे ताणले जाईपर्यंत, करकचून घालणारी एक मोठी बहीण पुस्तकात आहे. ती काल्पनिक असावी. तिला मराठीत 'जाचक' म्हणावं की 'शिस्तीची'? मला दुसरा शब्द बरा वाटतो.

आता महत्त्वाचं. अनुवादकाने छोटी प्रस्तावना लिहावी असं ऋतुजांचं म्हणणं आहे. फर्गसला तीन पाय का आहेत, हे मला तिथे लिहायचं आहे. तो मोर कोणी काढला, कुठे काढला, त्या माणसाच्या नावासकट. त्यासाठी लेखिकेची परवानगी लागते म्हणे. ती द्यावी. पुस्तक जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या सुमारास, इथेच प्रकाशित करायचं ठरलं आहे, तेव्हा उत्तराला उशीर नको.

ज्यांचं नाव लिहायचं आहे ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकू अजून चांगलं येतं.

वच्छला म्हेत्रे
अनुवादक


१२ सप्टेंबर २०२४

दाक्षी,

पत्र मिळालं. सात वर्षांनी 'अक्का' म्हणून सुरुवात केलीस, तेव्हा मीही श्रीमती हॅननना रजा देते.

फर्गस हे नाव राहू दे म्हणतेस, दीड पान खुशाल गाळ म्हणतेस, मोठ्या बहिणीला 'जाचक'च लिही म्हणतेस. ठीक आहे, लेखिकेची मर्जी. पण मोराबद्दल एवढीच ओळ, 'प्रस्तावनेत त्याचं काही लिहू नकोस, का ते अप्पांना विचार.'

काय विचारू अप्पांना? तुमच्या लेकीला तुमचं नाव घ्यायची लाज का वाटते, असं विचारू? फोनवर मी तुला हेच विचारलं होतं, आणि तू फोन ठेवलास तो ठेवलासच. त्या मुलाखतीचा व्हिडिओ अनीशने मोठ्या कौतुकाने लावून दिला होता. "आई, बघ, मावशी केवढ्या लोकांपुढे बोलतेय." कुणीतरी उठून विचारलं, हा तीन पायांचा मोर आला कुठून? तू हसलीस आणि म्हणालीस, "तो आपला आपण चालत आला." टाळ्या पडल्या. मी अनीशला म्हटलं, बंद कर ते.

चालत आला होय? विसरली असशील तर मी आठवण करून देते. अप्पा कारखान्यात चादरींची नक्षी काढायचे. चौकटीच्या कागदावर, ज्याला ते ग्राफ म्हणायचे, एकेक चौकोन रंगवत. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायची, आणि मग जे ग्राफवर असेल तेच कापडात उतरायचं. त्यांनी मोर काढला, दोन पायांवर नीट उभा. मालक म्हणाले, नाचता पाहिजे. अप्पांनी एक पाय वर उचललेला काढला, आणि तोच पाय आधी खाली टेकलेला होता तो पुसायचा राहिला. पुठ्ठ्याला काय, तो काही शंका विचारत नाही. सगळा माल विणून झाला तरी कुणाच्या ध्यानात आलं नाही. गड्ड्यात एका दुकानात कुणा बाईने चादर उलगडली आणि ओरडली, "अगं बया, ह्यो मोर तीन पायाचा हाय की!" तू तेव्हा अव्वाच्या कडेवर होतीस आणि मी अप्पांचं बोट धरलेलं होतं. सगळं दुकान हसलं. अप्पांनी माझं बोट सोडलं नाही, पण त्यांचा हात गार पडला होता.

तो सगळा माल मालकांनी पगारापोटी अप्पांच्याच गळ्यात मारला. आपलं सगळं लहानपण त्या मोरांखाली गेलं. चादरीत शिरून तू मला पलीकडच्या गावाच्या गोष्टी सांगायचीस आणि मी म्हणायचे, "गप झोप आता." पेठेत अप्पांना 'तीन पायाचा निंगप्पा' म्हणायला लागले. त्यांनी पुन्हा ग्राफला हात लावला नाही. निवृत्त होईपर्यंत गोदामात चादरींचे गठ्ठे बांधत राहिले. आणि तू म्हणतेस, आपला आपण चालत आला.

तुझा लेखक-परिचयही माझ्याच वाट्याला आला आहे. 'आयरिश बालसाहित्यिक. जन्म भारतात.' एवढ्या मोठ्या भारतात नेमका कुठे, दाक्षी? 'लेखनापूर्वी गॉलवे येथे मुलांच्या वॉर्डात परिचारिका. आजारी मुलांना रमवताना गोष्टी सुचत गेल्या.' खोटं. गोष्टी आधीच सुचलेल्या होत्या, ऐकणारी मुलं नंतर मिळाली. 'पहिलं हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत केलं.' हे खरं. दर वेळी तू फोन करून रडायचीस आणि मी म्हणायचे, डोळे पूस आणि दुसऱ्या पाकिटावर पत्ता घाल. 'पाच कादंबऱ्या, बालसाहित्याचा मोठा सन्मान, पती कॉनर आणि दोन कुत्र्यांसह समुद्राकाठी वास्तव्य.' कुत्र्यांना परिचयात जागा मिळाली, सोलापूरला नाही! मी 'जन्म सोलापूर' असं लिहिलं आहे. ते खोडलंस तर अनुवाद परत घेईन.

अप्पांना विचारते. तुझ्यासाठी नाही, पुस्तकासाठी.

वच्छला


२० ऑक्टोबर २०२४

दाक्षायणी,

विचारलं.

अप्पा दारात खुर्ची टाकून शेंगा फोडत बसले होते. मी आडपडदा न ठेवता विचारलं की मोराची गोष्ट निघाली की दाक्षी तुमचं नाव का घेत नाही? त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले आणि म्हणाले, "मीच नगं म्हणलो तिला."

"कधी?"

"पैलं पुस्तक घिऊन आल्ती तवा. तू शाळंत शिकवाया गेल्तीस. माझ्या हातात दिली. वर मोर व्हता. मी पाय मोजलो." मग वाटीतले दाणे बोटाने सारखे केले. "मला वाटलं, आता समदं जग हासणार. म्हणलो, यव्वा, तुला लिवायचं ते लिव, पर ह्यो माझ्या हातचा हाय म्हणून कुटं सांगू नगंस. सिद्धरामाची शपथ घातलो."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

"तू कुटं इचारलीस? मला वाटलं तुमची अव्वा गेल्यावर तुमी दोगी तिच्या सोन्याच्या पाटल्यांवरनं भांडलाव."

ऐकलंस? दर रविवारी तुझा फोन त्यांच्या मोबाइलवर यायचा, मी भांडी आपटत आत निघून जायचे, आणि अप्पा मनात म्हणायचे, पाटल्यांचं अजून मिटलेलं दिसत नाही. मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

तू 'शपथ आहे' एवढं तरी बोलायचं होतंस. पण तू पहिल्यापासून अशीच. मार खाशील पण तोंड उघडणार नाहीस. माझी माफी मागायची रीत तुला ठाऊक आहे. सोबत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पाठवते आहे. कॉनरला सांग, ती बिस्किटं नव्हेत, आमटीत चुरून खायची असतात. मागच्या वेळी त्याने चहात बुडवली होती.

आता नीट ऐक. अप्पांचं नाव छापायचंच, हे मी आता जास्तच मनावर घेतलं आहे. त्यांना इंग्रजी येत नाही. तुझ्या पाच पुस्तकांतलं एक अक्षर त्यांना ठाऊक नाही, त्यांनी फक्त मुखपृष्ठं पाहिली आहेत. त्यांना वाटतं, जत्रेतल्या त्या दुकानातलं हसू अजून थांबलेलं नाही, तुझ्या पुस्तकांतून ते आता देशोदेशी गेलं आहे. मुलीवर माया म्हणून हे सगळं ते मुकाट्याने सोसत आहेत. माझ्या बापाने असल्या समजुतीत जायचं नाही. मी जाऊ देणार नाही.

शपथ तुला आहे, मला नाही. तरी त्यांनी स्वतः हो म्हटल्याशिवाय मीही छापणार नाही, एवढी अक्कल मला आहे. आजपासून रोज संध्याकाळी त्यांना अनुवाद वाचून दाखवणार. मोर कुणाला हसवतो आणि कुणाला रडवतो ते त्यांनाच कळू दे.

अक्का


२४ नोव्हेंबर २०२४

दाक्षे,

वाचन जोरात चालू आहे. श्रोते दोन, अप्पा आणि माझी नात उर्वी. आधी अप्पा भिंतीकडे तोंड करून पडायचे, जसं काही मी दुसऱ्याच कुणाला वाचून दाखवते आहे. तिसऱ्या प्रकरणात कूस बदलली. पाचव्यात उठून बसले.

त्यांचे शेरे कळवते, लेखिकेच्या उपयोगी पडतील. पलीकडच्या गावात पाऊस खालून वर पडतो हे त्यांना पटलं नाही. "मंग विहिरी भरत्यात कशा?" याचं उत्तर तू पुस्तकात दिलेलं नाहीस. मोठी बहीण वेणी घालते तिथे ते इतके हसले की ठसका लागला, आणि उर्वीला म्हणाले, "ही कोण हाय वळखलीस का?" पोरीने माझ्याकडे बघून आपल्या वेण्या हातात धरल्या. फर्गस या नावावरून मी अजून कुरकुर करत होते, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. परमुलखात वाढलेला मोर हाय, नावबी तिकडचंच असणार." म्हणून फर्गस राहिला. तुझा वशिला भारी आहे.

आता माझं सांगते. सातव्या प्रकरणात मुलगी फर्गसला विचारते, तुला तीन पाय कशाला? तो सांगतो, 'दोन पायांवर मी या जगात चालतो. तिसरा कायम पलीकडच्या गावात टेकलेला असतो, म्हणून मी कितीही लांब गेलो तरी हरवत नाही.' हे वाक्य मराठीत आणताना माझ्या डोळ्यांना धार लागली. बसवेना, म्हणून उठून उगीच भाजी निवडायला घेतली. तुझा एक पाय इथे टेकलेला आहे हे तू सगळ्या जगाला सांगितलंस, दाक्षे, आणि मला ते अनुवादाच्या निमित्ताने कळावं! मी तुझी पुस्तकं रागाच्या भरात उघडलीच नव्हती. कपाटात होती, पाचही.

हे वाक्य अप्पांना वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पायांवरची चादर ओढून घेतली. तीच, आपल्यातली. कडा विरल्या आहेत, पण मोर शाबूत आहे.

मला वाटलं, आता विचारावं. म्हटलं, "अप्पा, प्रस्तावनेत तुमचं नाव घालू ना?"

"साकू," म्हणाले. हात वर करून, अगदी पूर्वीसारखं. पुरे म्हणजे पुरे. "गोष्ट ब्येस हाय. तिची हाय. माझी ती चूक हाय. चुकीला नाव कशाला?"

मी वाद घालायला गेले तर डोळे मिटून घेतले.

ऋतुजांना मी प्रस्तावना पाठवली नाही. त्या रोज विचारतात. मुखपृष्ठाचंही अडलं आहे. तिकडच्या चित्रकाराचं चित्र वापरायचं ठरलं होतं, पण त्याने तिसरा पाय असा काही जोडला आहे की मोर कमी आणि तिपाई जास्त दिसतो. अप्पांना दाखवलं. "ह्येला पाय कुटं फुटतोय ते कळालंच न्हाय," एवढं बोलून परत दिलं. दुसऱ्या एका चित्रकाराला काम द्यायचं म्हणतात, पण डिसेंबर संपायच्या आत पुस्तक छापखान्यात जायला हवं.

नाव राहून जाणार असं दिसतंय. मला फार वाईट वाटतंय. तुला सांगितल्याशिवाय राहवेना. पूर्वी वाईट वाटलं की तुलाच सांगायचे ना.

अक्का


२२ डिसेंबर २०२४

दाक्षे,

आधी बसून घे. कॉनरलाही हाक मार, त्याला उलगडून सांग.

काल शनिवार. अनुवाद मुलांच्या कानाला कसा लागतो ते बघावं म्हणून मी उर्वीच्या मैत्रिणींना घरी बोलावलं होतं. चिवडा आणि केळी दिली आणि सातवं प्रकरण वाचलं. मग कागद आणि खडू वाटले, म्हटलं, काढा फर्गस. अप्पा खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसले होते. पान मात्र उलटत नव्हते.

पोरींनी फर्गस काढले. निळे, जांभळे, एक तर चक्क चॉकलेटी. सगळ्यांनी तीन पाय मोजून काढले. गल्लीच्या टोकाला मडक्यांचं दुकान आहे, त्यांची धाकटी, चेतना नाव तिचं, मोठी गोड पोर, तिने मात्र दोनच पाय काढले. तिचा कागद अप्पांच्या पायाशीच होता. पेपर खाली आला.

"ए पोरी, तिसरा पाय कुटं हाय?"

 चेतना म्हणाली, "आजोबा, मोराला दोनच पाय असतात. मी खरा मोर काढलाय."

"खरा आसंल. पर ह्यो फर्गस न्हाय. आण हिकडं."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना लांबचं स्वच्छ दिसतं, पण जवळचं बघायला चष्मा शोधावा लागतो. उर्वीने तो आणून दिला. कागद मांडीवर घेतला, आधाराला पुठ्ठा घ्यावा तसा पेपर दुमडून त्याखाली घेतला आणि खडू बाजूला सारून पेन्सिल मागितली. दाक्षे, तो हात! गठ्ठे बांधून बांधून बोटं वाकडी झालेली, चहाचा कप धरताना कापतो तो हात, कागदावर टेकला आणि स्थिर झाला. सगळ्या पोरी भोवती जमल्या.

"ह्यो उभा ऱ्हायचा पाय. ह्यो वर उचललेला, नाचायचा. आन् ह्यो..."

थांबले. पेन्सिल वरच राहिली.

"हा कशाचा?" चेतनाने विचारलं.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ह्यो पुसायचा राह्यला व्हता, बाळ. लई वर्सं झाली. मी चादरीवर मोर काढलो, आन् एक पाय पुसायचा इसरलो. लोक हासले."

मला वाटलं, झालं. आता पोरी खिदळणार. पण एकही हसली नाही. त्यांच्या डोळ्यांत निराळंच काही होतं. उर्वी म्हणाली, "पणजोबा, फर्गस तुम्ही केलात?" आणि ती चेतना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं विसरलात! पुसला असता तर तो पलीकडच्या गावाला गेला असता कसा? हरवलाच असता की!"

अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "व्हय गं," म्हणाले. "हरवलाच असता."

मग त्यांनी तिसरा पाय काढला. सावकाश, बोटांसकट, नखांसकट. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघरात पळाले आणि ओट्याला धरून मनसोक्त रडले. बाहेर आले तर पोरी आपापले कागद घेऊन रांगेत उभ्या होत्या आणि अप्पा एकेका मोराचे पाय दुरुस्त करत होते. चॉकलेटी मोरालासुद्धा त्यांनी नावं ठेवली नाहीत.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मला म्हणाले, "ते मुखपृष्ट का काय, झालं का त्यांचं?"

"नाही अजून."

"ग्राफ मिळतो का आता?"

मी अनीशला तसाच पिटाळला. आज सकाळपासून अप्पा खिडकीशी बसले आहेत. पूर्वीसारखा एकेक चौकोन भरत आहेत. एका अंगाला लाल जमिनीवर पिवळा मोर, दुसऱ्या अंगाला पिवळ्या जमिनीवर लाल, म्हणजे पुस्तकाची पुढची आणि मागची बाजू. जेवायला उठवलं तर रागावले. ऋतुजांना फोन करून सांगितलं, चित्रकार मिळाला. त्यांनी विचारलं, श्रेय काय द्यायचं? मी फोन हातात धरून अप्पांकडे बघितलं. त्यांना ऐकू गेलं होतं. ऐकू त्यांना चांगलंच येतं.

तू तिकीट काढ. गड्ड्याला ये. त्या बाईने चादर उलगडली होती तिथेच कुठेतरी आपण तिघं तुझं पुस्तक उलगडून बघू. तुझ्या वेण्या घालीन म्हणते. सैल घालीन.

प्रस्तावना आता लिहिणार नाही. गरज उरलेली नाही. आतल्या पानावर 'मुखपृष्ठ : निंगप्पा हत्तुरे, सोलापूर' असं छापायचं ठरलं आहे. किती मोठ्या अक्षरात, ते अप्पांनी मान वर न करताच सांगितलं.

"बारीकच टाका. पर बिगर चष्म्याचं वाचता आलं पायजे."

तुझी अक्का